१४ व्या वर्षी वडील गेले, शेती विकून किराणा दुकान टाकलं, त्याच दुकानातून पुढे जॉनी वॉकर उभी राहिली

लातूर असो की नांदेड, पार्टीचा सीन ठरलेला असतो. कुणाच्या तरी रानातलं घर, पत्र्याच्या शेडखाली टाकलेल्या खुर्च्या, एका बाजूला चुलीवर रटरटणारं मटण आणि दुसऱ्या बाजूला पुण्याहून सुट्टीला आलेला एक कार्यकर्ता. त्याला साधे पेग भरायचे नसतात, त्याला शॉट्स बनवायचे असतात. लिंबं चिरलेली असतात, साखरेचा पाक गार करून ठेवलेला असतो, बर्फ फोडलेला असतो आणि चहाचे छोटे ग्लास धुऊन रांगेत लावलेले असतात. मग तो बाटलीचं झाकण फिरवतो.

त्या बाटलीवर एक शब्द छापलेला असतो, ब्लेंडेड. त्याला विचारलं की ब्लेंडेड म्हणजे काय, तर तो सांगतो की मिक्स. पण कशात काय मिक्स, असं विचारलं की गाडी तिथंच अडते.

या प्रश्नाचं उत्तर शोधत मागे गेलं की आपण दोनशे वर्षांपूर्वीच्या स्कॉटलंडमधल्या एका किराणा दुकानात जाऊन पोचतो. दुकान चालवणाऱ्या पोराचं नाव होतं जॉन वॉकर.

हो, तोच. आपण ज्याला बाटली म्हणून ओळखतो तो खरोखर एक माणूस होता. विशेष म्हणजे त्याची स्वतःची भट्टी कधीच नव्हती. दुसऱ्यांनी गाळलेली व्हिस्की तो विकायचा. त्याचं नाव झालं ते गाळण्यामुळं नाही, तर विकताना त्याने जपलेल्या चवीमुळं.

जॉनचा जन्म २५ जुलै १८०५ चा. स्कॉटलंडच्या एअरशर भागात किलमार्नॉक नावाचं गाव आहे, त्याच्याजवळ टॉडरिग्ज नावाच्या शेतावर त्याचं कुटुंब राहायचं. वडील अलेक्झांडर शेतकरी होते. घरचं सगळं शेतीवर चाललेलं, त्यामुळे पोरगाही पुढे शेतीच करणार हे जवळपास ठरलेलं होतं.

पण १८१९ साली वडील वारले. तेव्हा जॉन होता १४ वर्षांचा.

१४ वर्षांच्या पोराने एवढी शेती कशी ओढायची? आपल्याकडे अशा वेळी काका, मामा आणि गावातली चार शहाणी माणसं बसून निर्णय घेतात, तसंच तिथंही झालं. कुटुंबाच्या विश्वस्तांनी शेतीचा पसारा मोडायचं ठरवलं. हाती आलेल्या रकमेतले ४१७ पौंड त्यांनी किलमार्नॉकमधल्या एका दुकानात गुंतवले. १८२० साली गावातल्या हाय स्ट्रीटवर किराणा, वाईन आणि दारूचं हे दुकान सुरू झालं आणि गल्ल्यावर बसला जॉन.

हे दुकान कसं असेल ते डोळ्यासमोर आणायचं तर लातूरच्या गंजगोलाईतलं एखादं जुनं दुकान आठवा. दारात पोती, आत डबे, वर टांगलेला तराजू आणि प्रत्येक गिऱ्हाईक ओळखीचं. जॉनच्या दुकानात चहा, साखर, मसाले आणि परदेशातून येणारा किराणा असायचा. त्याच फळ्यांवर रम, ब्रँडी, जिन आणि व्हिस्कीही असायची. तिकडे किराणा दुकानातच दारू विकायची पद्धत होती, त्यामुळे त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं.

आता इथं व्हिस्कीची एक भानगड समजून घ्यावी लागते.

त्या काळात स्कॉटलंडमध्ये व्हिस्कीवर एवढा कर होता की डोंगरदऱ्यांत चोरून भट्ट्या लावणं हाच सोयीचा धंदा झाला होता. सरकारी माणूस आला की भट्टी उचलून पळायचं. १८२३ साली ब्रिटनच्या संसदेने अबकारी कायदा बदलला. कर बराच खाली आणला आणि वर्षाला १० पौंड भरून भट्टीचा परवाना मिळू लागला. चोरून गाळणारे हळूहळू परवाना घेऊन गाळायला लागले आणि दुकानदारांना उघडपणे माल मिळू लागला. १८२५ पर्यंत विशीतला जॉन दारूच्या धंद्यात चांगलाच रुळला होता आणि त्यातही त्याचा भर व्हिस्कीवर वाढत चालला होता.

माल मिळाला, पण मालाचा भरवसा नव्हता.

व्हिस्की तेव्हा छापील लेबलाच्या बाटलीत यायची नाही. ती यायची लाकडी पिंपात. तीही मोड आणलेल्या जवापासून केलेली. आपण मटकीला मोड आणतो तसे जवाला मोड आणायचे, मग भट्टीच्या उष्णतेवर ते वाळवायचे. काही ठिकाणी त्यासाठी पीट नावाची दलदलीतली माती जाळायचे, मग त्या धुराचा वास थेट व्हिस्कीत उतरायचा. पुढे तांब्याच्या हंड्यात गाळून ती पिंपात भरायची. जव वेगळा, धूर वेगळा, हंडा वेगळा, पिंपाचं लाकूड वेगळं. त्यामुळे एका पिंपाची चव दुसऱ्याला लागायचीच नाही. गिऱ्हाईकाने मागच्या महिन्यात नेलेली व्हिस्की त्याला आवडली, पण या महिन्यात तशीच मिळेल याची कुणालाच खात्री देता यायची नाही.

किराणा दुकानदारासाठी हा जीवनमरणाचा प्रश्न असतो. गिऱ्हाईक एकदा फसलं की शेजारच्या दुकानात जातं आणि परत येत नाही.

या प्रश्नाची गुरुकिल्ली दुकानातच होती, चहाच्या डब्यांत. तेव्हा चहा यायचा चीनहून. आसामचा चहा लंडनच्या बाजारात पोचला तो १८३९ साली. दर खेपेला आलेला चहा सारखा नसायचा, म्हणून दुकानदार वेगवेगळे चहा एकत्र करून आपलं मिश्रण बनवायचे. एका चहाचा रंग, दुसऱ्याचा कडकपणा, तिसऱ्याचा वास. आजही आपल्याकडे सुटा चहा विकणारा दुकानदार ममरी आणि डस्ट ठरलेल्या प्रमाणात मिसळून देतो आणि गिऱ्हाईक वर्षानुवर्षं तेच मागतं. काळ्या मसाल्याचंही तसंच. धने, खोबरं, दगडफूल सगळ्यांकडे एकच, पण प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं, म्हणून आजीच्या हातची आमटी डोळे झाकून ओळखता येते.

व्हिस्कीच्या बाबतीत जॉनच्या दुकानात नेमकं हेच घडत गेलं. वेगवेगळ्या ठिकाणच्या माल्ट व्हिस्की घ्यायच्या, चाखायच्या, वास घ्यायचा आणि गिऱ्हाईकाला हवं तसं मिश्रण करून द्यायचं. सुरुवातीला त्याला स्वतःचं नाव नव्हतं. ज्याची जशी मागणी, तसा माल. पुढे काही वर्षांनी वॉकर्स किलमार्नॉक व्हिस्की या नावाने दुकानाचा माल जाऊ लागला. व्हिस्की कोणत्या भट्टीची आहे यापेक्षा ती कोणाच्या दुकानातली आहे, हे लोक विचारू लागले.

१८३३ मध्ये जॉनने एलिझाबेथ पर्व्हिसशी लग्न केलं. १८३७ साली मुलगा झाला, आजोबांचंच नाव ठेवलं, अलेक्झांडर. १८४३ मध्ये किलमार्नॉकला रेल्वे आली आणि गाव ग्लासगोशी जोडलं गेलं. गालिचे आणि कापड विणणाऱ्या या गावातला माल बाहेर जाऊ लागला आणि दुकानाचंही बस्तान चांगलं बसलं.

आणि मग १८५२ चा पूर आला.

गावातून वाहणारी नदी फुगली आणि पाणी बाजारपेठेत घुसलं. वॉकर यांच्या दुकानातला मालही त्यात गेला. वडिलांच्या शेतीचा पैसा घालून ३२ वर्षं उभं केलेलं दुकान पुन्हा पहिल्यापासून उभं करायची वेळ जॉनवर आली, तेव्हा तो ४७ वर्षांचा होता. अशा वेळी अनेक जण धंदा बंद करतात. जॉनने दुकान परत लावलं. माल वाहून गेला, तरी तीस वर्षं जोडलेली गिऱ्हाईकं गावातच होती. दुकानदाराकडे यापेक्षा मोठं भांडवल नसतं.

मुलगा अलेक्झांडर तोवर ग्लासगोला एका चहाच्या व्यापाऱ्याकडे उमेदवारी करत होता. चहा मिसळण्याचं शास्त्र तो तिथं शिकला आणि परत येऊन वडिलांच्या दुकानात बसला. त्यानंतर लवकरच, १८५७ साली, जॉन वॉकर वारला. तेव्हा तो होता ५२ वर्षांचा.

आता खरी गंमत. जॉन वारला तेव्हा जॉनी वॉकर नावाची व्हिस्की जगात अस्तित्वातच नव्हती. चौकोनी बाटली नव्हती, तिरकं लेबल नव्हतं, रेड नव्हती, ब्लॅक नव्हती. एवढंच काय, आज आपण ज्याला ब्लेंडेड म्हणतो तसं मिश्रण करायला कायद्याची पूर्ण मोकळीकही नव्हती.

कारण ब्लेंडेडमध्ये दोन वेगळ्या जातीच्या व्हिस्की एकत्र येतात. पहिली माल्ट, म्हणजे मोड आणलेल्या जवाची, तांब्याच्या हंड्यात गाळलेली, चवीला भरदार. दुसरी ग्रेन, म्हणजे गहू किंवा मका यांसारख्या धान्यांची. ही ग्रेन व्हिस्की स्वस्तात बनू लागली ती एनियस कॉफी या माणसामुळे. हा डब्लिनचा अबकारी अधिकारी. दारू गाळणाऱ्यांवर लक्ष ठेवण्याची ती नोकरी सोडल्यावर त्यानेच १८३० मध्ये एका उभ्या यंत्राचं पेटंट घेतलं. हंड्यात एक घाण काढली की थांबावं लागायचं, या यंत्रात एका बाजूने आंबवण टाकत राहायचं आणि दुसऱ्या बाजूने दारू निघत राहायची. ती हलकी असायची, जवळपास बिनवासाची.

भरदार माल्टमध्ये ही हलकी ग्रेन मिसळली की व्हिस्की घशाला सोपी आणि खिशालाही सोपी व्हायची. १८६० च्या कायद्याने कर भरण्याआधीच, गोदामात असतानाच हे मिश्रण करायला परवानगी दिली. एडिनबराच्या अँड्र्यू अशर याने या वाटेवर आघाडी घेतली आणि अलेक्झांडर वॉकर मागोमाग निघाला.

अलेक्झांडर पक्का व्यापारी निघाला. ओल्ड हायलँड व्हिस्की नावाने त्याने दुकानाचं मिश्रण बाजारात आणलं. गोल बाटल्या पेटीत जागा खातात आणि प्रवासात फुटतात, म्हणून त्याने चौकोनी बाटली घेतली. लेबल २४ अंशांत तिरकं लावलं, त्यामुळे अक्षरं मोठी बसली आणि फळीवरच्या गर्दीत बाटली लांबून दिसू लागली. जहाजांच्या कप्तानांना त्याने आपला माल विकायला दिला आणि किलमार्नॉकची व्हिस्की बंदरं ओलांडत गेली. १८८९ मध्ये अलेक्झांडर गेला, त्यानंतर सूत्रं नातवांकडे आली. घराण्याची पहिली स्वतःची मोठी भट्टी, कार्डू, विकत घेतली ती थेट १८९३ साली.

१९०८ मध्ये टॉम ब्राउन नावाच्या चित्रकाराने उंच टोपी, लाल कोट आणि हातात छडी घेऊन झपाझप चालणारा माणूस काढला. दुसऱ्याच वर्षी रेड लेबल आणि ब्लॅक लेबल ही नावं आली. किराणा दुकानदार जॉन अशा रीतीने वारल्यावर पन्नास वर्षांनी जॉनी झाला.

पण त्याच वेळी लंडनमध्ये वेगळाच वाद पेटला होता. १९०५ मध्ये इस्लिंग्टनच्या पालिकेने काही दारूविक्रेत्यांना कोर्टात खेचलं. आरोप असा की कॉफीच्या यंत्रातली स्वस्त दारू व्हिस्की म्हणून विकणं ही फसवणूक आहे. प्रकरण एवढं वाढलं की सरकारला शाही आयोग नेमावा लागला. १९०९ साली आयोगाने निकाल दिला की धान्यापासून केलेली ग्रेनही व्हिस्कीच आणि दोन्हींचं मिश्रणही व्हिस्कीच.

हा वाद ऐकून आपल्याला नवल वाटायचं कारण नाही, कारण तो आपल्या दारापर्यंत आलेला आहे.

लातूर आणि नांदेड हे दोन्ही उसाचे जिल्हे. कारखान्यात एक टन ऊस गाळला की साखर काढून झाल्यावर साधारण ४० ते ४५ किलो मळी उरते. ती आंबवून उंच उभ्या स्तंभांतून गाळली की ९६ टक्क्यांच्या आसपासचा शुद्ध मद्यार्क मिळतो, ज्याला धंद्यात ईएनए म्हणतात. कारखान्यांच्या डिस्टिलरीत दिसणारे हे स्तंभ म्हणजे एनियस कॉफीच्या यंत्राचेच वंशज. भारतात स्वस्तात मिळणाऱ्या बऱ्याच व्हिस्कींचा पाया हा मळीचा किंवा धान्याचा मद्यार्क असतो. त्यात थोडी देशी माल्ट, काही ब्रँडमध्ये थोडी स्कॉच आणि रंगासाठी जळकी साखर घालतात आणि पाणी घालून ती ४२.८ टक्क्यांवर आणतात. ही झाली आपली ब्लेंडेड. युरोपातल्या नियमानुसार व्हिस्की धान्याचीच लागते, त्यामुळे मळीची व्हिस्की तिकडे व्हिस्की म्हणून विकता येत नाही.

म्हणून आपलं सगळंच हलकं, असंही नाही. बंगळुरूमध्ये राधाकृष्ण जगदाळे यांनी १९४८ साली अमृत डिस्टिलरी सुरू केली, तीही आधी साधे ब्रँड बनवण्यातूनच वर आली. त्याच अमृतने २४ ऑगस्ट २००४ रोजी भारतीय जवाची सिंगल माल्ट बाजारात आणली आणि त्यासाठी गाव निवडलं ग्लासगो, किलमार्नॉकपासून जेमतेम ३५ किलोमीटरवर.

मग ब्लेंड आणि भेसळ यात फरक काय? दोन्हींत मिसळणंच असतं. फरक असा की ब्लेंड करणारा काय मिसळलं याची जबाबदारी घेतो, आपलं नाव लावतो आणि पुढच्या वेळीही तेच देतो. भेसळ करणाऱ्याला नाव लपवायचं असतं. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत मिथेनॉल असलेल्या दारूने १०० हून जास्त माणसं मेली. मिथेनॉल डोळ्यांनी ओळखता येत नाही आणि लिंबू-साखरेत तर चवही लपते. म्हणून सील तुटलेली, कुणीतरी स्वस्तात आणून दिलेली बाटली शॉट्ससाठी चालवून घेऊ, हा विचार पहिला सोडायचा.

आता परत त्या पत्र्याच्या शेडखाली येऊ, कारण कार्यकर्ता अजून थांबलेला आहे.

साधा शॉट करायचा तर प्रमाण सोपं आहे. ६० मिली ब्लेंडेड व्हिस्की, २० मिली लिंबाचा रस, २० मिली साखरेचा पाक. पाक म्हणजे साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन विरघळवलेलं आणि गार केलेलं. घट्ट झाकणाच्या डब्यात हे सगळं बर्फासोबत १०-१२ सेकंद जोरात हलवायचं आणि गाळून ओतायचं. बर्फाचं थोडं पाणी धरून ३० मिलीचे चार ग्लास आरामात भरतात. महागडी सिंगल माल्ट यात वाया जाते, कारण लिंबापुढे तिचे बारकावे टिकत नाहीत. ब्लेंडेड इथं बरोबर बसते. वेगवेगळ्या ब्रँडच्या उरलेल्या बाटल्या मात्र एकत्र ओतू नका, ते ब्लेंडिंग नाही, ती आवराआवर आहे.

हिशोबही लक्षात ठेवायचा. प्रत्येक ग्लासात साधारण १५ मिली व्हिस्की जाते, म्हणजे दोन शॉट्स झाले की एक छोटा पेग पोटात गेला. गोड-आंबट लागतं म्हणून मोजणं सुटतं आणि चौथ्या-पाचव्याला गडी एकदम आडवा होतो. आधी जेवण, मधे पाणी, आणि ज्याच्याकडे गाडीची चावी आहे त्याला फक्त लिंबू सरबत. महाराष्ट्रात अशी कडक दारू प्यायला वय २५ पूर्ण लागतं आणि परवानाही लागतो, हे पार्टीत कुणी सांगत नाही म्हणून इथं सांगितलं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रमाण ठरलं की ते लिहून ठेवा आणि मापानेच ओता. पहिला ग्लास आणि विसावा ग्लास सारखा लागला पाहिजे. किलमार्नॉकच्या हाय स्ट्रीटवर गल्ल्यावर बसलेला तो पोरगाही आयुष्यभर हेच करत राहिला. दुकान त्याच्या हयातीत एका गावापुरतंच राहिलं, पण मागच्या महिन्यात नेलेली चव या महिन्यातही मिळेल, हा गिऱ्हाईकाला दिलेला शब्द त्याने पाळला. पोराने आणि नातवांनी पुढे जग जिंकलं ते याच शब्दाच्या जोरावर.